पायथनमध्ये लिस्ट जागच्या जागी सॉर्ट होते म्हणजे नेमकं काय होतं?

पायथन नव्याने शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून गुणांची लिस्ट सॉर्ट करण्यासाठी, म्हणजे क्रमाने लावण्यासाठी, ही ओळ कधी ना कधी लिहिली जाते:

गुण = गुण.सॉर्ट()

एरर येत नाही, प्रोग्राम पुढे जातो आणि गुण मात्र गेलेले असतात. प्रिंट करून पाहिलं तर 'नन' (म्हणजे 'काहीच नाही') एवढंच दिसतं. मुलं मग सॉर्टिंगच नीट जमलं नाही असं समजतात. खरं तर सॉर्टिंग अगदी बरोबर झालेलं असतं, फक्त त्याचा परिणाम कुठे राहतो हे कुणी सांगितलेलं नसतं. ही एक गोष्ट पक्की कळली तर पायथनमधल्या पुढच्या कितीतरी गोष्टी आपोआप सुटतात, म्हणून इथे घाई करायची नाही. संगणकावर पायथन ३ उघडा आणि प्रत्येक ओळ स्वतः चालवून बघत पुढे या.

टाइप करण्याबद्दल आधी सांगतो. या लेखात कोडसुद्धा देवनागरीत लिहिलं आहे. तुम्ही मात्र सॉर्ट, सॉर्टेड, प्रिंट, लेन, की, रिव्हर्स, लॅम्डा असे सगळे पायथनचे शब्द रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत टाइप करायचे. नन, ट्रू आणि फॉल्स यांचं पहिलं अक्षर मोठं असतं. आकडेही इंग्रजी (1, 2, 3) हवेत, कारण अवतरणचिन्हांबाहेर देवनागरी आकडा दिसला की पायथन सिंटॅक्सएरर देतं. व्हेरिएबलची नावं मात्र खुशाल मराठीत ठेवा. 'गुण' किंवा 'नद्या' हे नाव पायथन ३ जसंच्या तसं स्वीकारतं.

पायरी १: तीच लिस्ट, नवा क्रम

गुण = [७२, ४५, ९१, ६०, ५८]
आयडी(गुण)
गुण.सॉर्ट()
गुण
आयडी(गुण)

आयडी हे फंक्शन एखाद्या वस्तूचा ओळख क्रमांक देतं. तुमच्या संगणकावर तो कोणता येईल हे सांगता येत नाही, पण सॉर्टच्या आधी जो येईल तोच नंतरही येईल. मधल्या ओळीत गुण आता [४५, ५८, ६०, ७२, ९१] असे दिसतील. म्हणजे नवीन लिस्ट तयार झालेली नाही. होती त्याच लिस्टमधल्या घटकांनी जागा बदलल्या. याला जागच्या जागी सॉर्ट करणं म्हणतात.

आतमध्ये तर घटकसुद्धा हलत नाहीत. लिस्ट स्वतःमध्ये वस्तू ठेवत नाही, वस्तू मेमरीत कुठे आहेत त्याचे पत्ते ठेवते. सॉर्ट करताना या पत्त्यांचा क्रम बदलतो. त्यामुळे लिस्टमध्ये लांबच्या लांब वाक्यं असली तरी ती एका जागेवरून दुसरीकडे कॉपी होत नाहीत.

पायरी २: मग 'नन' कुठून आलं?

इंटरॅक्टिव्ह शेलमध्ये, म्हणजे ओळ लिहिताच ती चालवणाऱ्या पायथनच्या खिडकीत, नुसतं गुण.सॉर्ट() लिहून एंटर दाबलं तर खाली काहीच येत नाही. ओळीचं उत्तर नन असलं की शेल ते दाखवत नाही. तेच प्रिंटमध्ये घालून बघा:

प्रिंट(गुण.सॉर्ट())

आता 'नन' दिसेल. सॉर्ट ही मेथड, म्हणजे लिस्टला जोडलेलं फंक्शन, काम करते आणि रिटर्न काहीच करत नाही, म्हणजे परत काही देत नाही. पायथनमध्ये काहीच रिटर्न न करणं म्हणजे नन रिटर्न करणं. वरच्या पहिल्या ओळीत काय झालं ते आता बघा. उजवीकडे लिस्ट सॉर्ट झाली, मेथडने नन दिलं, आणि बरोबरच्या चिन्हाने 'गुण' हे नाव लिस्टवरून काढून त्या ननला चिकटवलं. सॉर्ट झालेल्या लिस्टला आता दुसरं नाव नसेल तर तिच्यापर्यंत पोचायचा रस्ताच उरला नाही.

हे पायथन बनवणाऱ्यांनी विचारपूर्वक केलं आहे. पायथनच्या अधिकृत प्रश्नोत्तरांत याचं कारण दिलेलं आहे. वेग महत्त्वाचा असतो तिथे नुसतं सॉर्ट करण्यासाठी आख्ख्या लिस्टची प्रत काढणं वाया जातं, म्हणून सॉर्ट जागच्या जागी होतं. आणि मूळ लिस्ट बदलली आहे याची आठवण राहावी म्हणून ती लिस्ट परत दिली जात नाही. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. परत दिली असती तर बघणाऱ्याला ती नवी प्रतच वाटली असती, आणि मूळ लिस्ट बदलल्याचं कित्येक दिवस लक्षात आलं नसतं. जावास्क्रिप्टमध्ये नेमकं तसंच आहे: तिथला सॉर्ट मूळ ॲरे (तिथली लिस्ट) बदलतो आणि तोच ॲरे परतही देतो. जावास्क्रिप्टमधून पायथनकडे येणाऱ्यांचा गोंधळ इथूनच सुरू होतो.

सॉर्ट एकटीच अशी नाही. ॲपेंड, एक्स्टेंड, इन्सर्ट, रिव्हर्स या लिस्टच्या मेथड आणि रँडम मॉड्यूलमधलं शफल, हे सगळे मूळ लिस्ट बदलतात आणि नन देतात. पॉप वेगळी आहे: ती लिस्ट बदलते आणि काढलेला घटक परत देते, कारण तो घटक हातात हवा म्हणूनच आपण तिला बोलावलेलं असतं.

ननची चूक जिथे होते तिथे ओरडत नाही, हा तिचा खरा त्रास. ती पुढे कुठेतरी फुटते. फॉर लूपमध्ये गुण.सॉर्ट() लिहिलं तर 'ननटाइप' इटरेबल नाही, म्हणजे त्यातून एकेक घटक घेता येत नाही, असा टाइपएरर येतो. वीस ओळींनंतर गुण.ॲपेंड(८०) केलं तर 'ननटाइप'मध्ये ॲपेंड नाही असा ॲट्रिब्यूटएरर येतो. लेन(गुण) विचारलं तर 'ननटाइप'ला लांबी नाही असं उत्तर मिळतं. एररमध्ये 'ननटाइप' शब्द दिसला की एरर आलेल्या ओळीकडे टक लावून बसू नका. तिथून वर जा आणि डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे सॉर्ट, रिव्हर्स किंवा ॲपेंड अशी ओळ शोधा. नवशिक्यांच्या कोडमध्ये बहुतेक वेळा ती सापडतेच.

गुण.सॉर्ट().रिव्हर्स() अशी साखळीही याच कारणाने तुटते. पहिल्या मेथडने नन दिलं, आणि ननला रिव्हर्स करता येत नाही.

पायरी ३: दोन नावं, एक लिस्ट

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथल्या चुकीत एररही येत नाही.

गुण = [७२, ४५, ९१, ६०, ५८]
मूळ = गुण
गुण.सॉर्ट()
मूळ

'मूळ'मध्ये जुना क्रम जपून ठेवला आहे असं वाटतं, पण तिथेही [४५, ५८, ६०, ७२, ९१] असंच दिसतं. बरोबरच्या चिन्हाने प्रत तयार होत नाही, त्याच लिस्टला दुसरं नाव मिळतं. माणसाला घरी एका नावाने आणि शाळेत दुसऱ्या नावाने हाक मारली तरी त्याने केस कापले की दोन्हीकडे कापलेलेच दिसतात, तसं हे आहे. खरी प्रत हवी असेल तर मूळ = गुण.कॉपी() लिहा. मूळ = गुण[:] किंवा मूळ = लिस्ट(गुण) असंही चालतं.

आता हेच फंक्शनमध्ये कसं घडतं ते बघू. वर्गातल्या गुणांची मधली किंमत काढणारं फंक्शन असं लिहिलं:

डेफ मधला(यादी):
    यादी.सॉर्ट()
    रिटर्न यादी[लेन(यादी) // २]

आणि ते असं वापरलं:

नावे = ['आर्या', 'समीर', 'फातिमा', 'जॉन', 'ओंकार']
गुण = [७२, ४५, ९१, ६०, ५८]
प्रिंट(मधला(गुण))
फॉर नाव, गुणसंख्या इन झिप(नावे, गुण):
    प्रिंट(नाव, गुणसंख्या)

फंक्शनचं उत्तर ६० येतं आणि ते बरोबर आहे. पण खाली छापलेली यादी बघा. आर्याला ४५, समीरला ५८, फातिमाला ६०, जॉनला ७२, ओंकारला ९१. पाचही जणांचे गुण चुकले. फंक्शनला दिलेली 'यादी' म्हणजे बाहेरची 'गुण' हीच लिस्ट होती. ती आत सॉर्ट झाली आणि हजेरीपटाच्या क्रमाने असलेल्या नावांशी तिचा मेळ तुटला. एकही एरर नाही, सगळे आकडे खरे वाटणारे, आणि निकालपत्रक पूर्ण चुकीचं. अशी चूक माणसाने यादी वाचून पकडली तरच पकडली जाते.

इलाज एका शब्दाचा आहे:

डेफ मधला(यादी):
    क्रमवार = सॉर्टेड(यादी)
    रिटर्न क्रमवार[लेन(क्रमवार) // २]

सॉर्टेड हे वेगळं फंक्शन आहे. ते दिलेल्या वस्तूला हात लावत नाही, नवी लिस्ट बनवून परत देतं. पायथनसोबत येणाऱ्या स्टॅटिस्टिक्स मॉड्यूलमधलं मीडियन हे फंक्शनही आत सॉर्टेडच वापरतं. नियम म्हणून सांगायचं तर, लिस्ट तुमच्या फंक्शनला बाहेरून मिळाली असेल तर सॉर्टेड वापरा. लिस्ट तुम्ही स्वतःच त्या फंक्शनमध्ये तयार केली असेल आणि दुसऱ्या कुणाकडे तिचं नाव नसेल तर सॉर्ट खुशाल वापरा. मूळ लिस्ट बदलणं हेच फंक्शनचं काम असेल तर ते नावातच दिसू द्या आणि रिटर्न काही करू नका, पायथन स्वतः करतं तसंच.

या उदाहरणातला दुसरा धडा असा की नावं आणि गुण दोन वेगळ्या लिस्टमध्ये ठेवणंच नाजूक. जोड्या करून एका लिस्टमध्ये ठेवले तर काहीही सॉर्ट करा, माणूस आणि त्याचे गुण एकत्रच हलतात.

याच घराण्यातली आणखी एक चूक, जी उलट्या बाजूने येते. लिस्टचा मधलाच भाग सॉर्ट करायचा म्हणून कुणी लिहितं:

गुण = [७२, ४५, ९१, ६०, ५८]
गुण[१:४].सॉर्ट()

गुण होते तसेच राहतात. स्लाइस केलं, म्हणजे चौकटी कंसांनी असा तुकडा काढला, की नवी लिस्ट तयार होते. ती नवी लिस्ट सॉर्ट झाली आणि नाव नसल्यामुळे लगेच टाकून दिली गेली. इथे हवं होतं ते असं:

गुण[१:४] = सॉर्टेड(गुण[१:४])

आता गुण [७२, ४५, ६०, ९१, ५८] होतात. सॉर्ट लिहिण्याआधी डॉटच्या डावीकडे नेमकी कोणती लिस्ट उभी आहे, आणि तिचं नाव आणखी कुणाकुणाकडे आहे, हा प्रश्न दर वेळी विचारायची सवय लावा.

पायरी ४: कशावरून लावायचं ते सांगणं

सॉर्ट आणि सॉर्टेड या दोघांनाही 'की' आणि 'रिव्हर्स' अशा दोन सूचना देता येतात. नद्यांची लांबी किलोमीटरमध्ये घेऊ:

नद्या = [('गोदावरी', १४६५), ('तापी', ७२४), ('कृष्णा', १४००), ('नर्मदा', १३१२)]
नद्या.सॉर्ट()

काहीच सूचना नसली तर पायथन जोडीतला पहिला घटक आधी बघतं, म्हणून नावाप्रमाणे कृष्णा, गोदावरी, तापी, नर्मदा असा क्रम लागतो. लांबीप्रमाणे, मोठी नदी आधी हवी असेल तर:

नद्या.सॉर्ट(की=लॅम्डा नदी: नदी[१], रिव्हर्स=ट्रू)

आता गोदावरी, कृष्णा, नर्मदा, तापी. लॅम्डा म्हणजे नाव न देता तिथल्या तिथे लिहिलेलं छोटं फंक्शन. इथे ते जोडीतली लांबी परत देतं. कीमध्ये फंक्शन द्यायचं असतं, फंक्शनचं उत्तर नाही. म्हणून की=लेन लिहायचं, लेन पुढे कंस लावायचा नाही. पायथन प्रत्येक घटकासाठी ते फंक्शन एकदाच चालवतं आणि मिळालेल्या उत्तरांवरून क्रम ठरवतं. घटक स्वतः बदलत नाहीत. रोमन लिपीतली नावं लोअर (सगळी अक्षरं छोटी करणारी मेथड) ही की देऊन लावली तरी लिस्टमध्ये मोठी अक्षरं मोठीच राहतात.

पायथन ३ मध्ये या सूचना नाव घेऊनच द्याव्या लागतात. गुण.सॉर्ट(लेन) असं लिहिलं तर टाइपएरर येतो. पायथन २ मध्ये दोन घटकांची तुलना करणारं फंक्शनही देता यायचं, पायथन ३ मध्ये ती सोय काढून टाकली. जुन्या पुस्तकात तसं काही दिसलं तर ते उदाहरण सोडून द्या. क्वचित खरंच गरज पडली तर फंकटूल्स मॉड्यूलमध्ये त्यासाठी सीएमपी_टू_की आहे.

आता पायथनच्या सॉर्टचा मला सगळ्यात आवडणारा गुण. तो स्थिर आहे. दोन घटक कीच्या दृष्टीने सारखे असतील तर त्यांचा आपापसातला आधीचा क्रम तसाच राहतो, आणि पायथन याची हमी देतं. याचा उपयोग बघा:

नद्या = [('गोदावरी', 'बंगालचा उपसागर', १४६५),
         ('तापी', 'अरबी समुद्र', ७२४),
         ('कृष्णा', 'बंगालचा उपसागर', १४००),
         ('नर्मदा', 'अरबी समुद्र', १३१२)]
नद्या.सॉर्ट(की=लॅम्डा न: न[२], रिव्हर्स=ट्रू)
नद्या.सॉर्ट(की=लॅम्डा न: न[१])

पहिल्या ओळीने लांबीप्रमाणे लावलं, दुसऱ्या ओळीने समुद्राप्रमाणे. शेवटी अरबी समुद्राच्या नर्मदा आणि तापी आधी येतात, मग बंगालच्या उपसागराच्या गोदावरी आणि कृष्णा. आणि प्रत्येक गटात लांब नदी आधीच राहते. दुसऱ्या सॉर्टने पहिल्याचं काम पुसलं नाही. कमी महत्त्वाची कसोटी आधी लावायची आणि जास्त महत्त्वाची शेवटी, एवढं ध्यानात ठेवा. तेच काम एका ओळीत, की म्हणून (न[१], -न[२]) अशी जोडी देऊनही होतं. पण वजाचं चिन्ह आकड्यांनाच लावता येतं. उलट क्रमात अक्षरं हवी असतील तर दोन पायऱ्यांचा रस्ताच सरळ पडतो.

रिव्हर्स=ट्रू देणं आणि सॉर्ट करून नंतर रिव्हर्स मेथड चालवणं यांत फरक पडतो तो इथेच. आर्या ६०, समीर ७२, जॉन ६० अशी लिस्ट गुणांवरून रिव्हर्स=ट्रू देऊन लावली तर समीर, आर्या, जॉन असा क्रम येतो. आर्या जॉनच्या आधी होती, आधीच राहिली. तेच आधी चढत्या क्रमाने लावून मग पूर्ण लिस्ट उलटवली तर समीर, जॉन, आर्या. गुणवत्ता यादीत सारखे गुण असलेल्यांचा क्रम कशावरून ठरला हे पालक विचारतातच, तेव्हा हा फरक माहीत असलेला बरा.

पायरी ५: सॉर्ट अडतं तेव्हा

[७२, '४५', ९१] ही लिस्ट सॉर्ट करून बघा. मधला घटक अवतरणचिन्हांत आहे, म्हणजे ती स्ट्रिंग (मजकूर) आहे. आकडा आणि स्ट्रिंग यांत लहान कोण हे पायथन ३ ठरवत नाही, टाइपएरर देतं. फाइलमधून वाचलेले आकडे बहुधा स्ट्रिंग म्हणूनच येतात आणि सगळेच स्ट्रिंग असले तर एररही येत नाही, फक्त क्रम विचित्र लागतो: '१०', '२', '९'. तुलना अक्षराला अक्षर लावून होते आणि एक हे अक्षर दोनच्या आधी येतं. की=इंट (स्ट्रिंगचा आकडा करणारं फंक्शन) दिलं की क्रम २, ९, १० असा सुधारतो. आनंदाची गोष्ट म्हणजे स्ट्रिंगमधले देवनागरी आकडेही इंटला वाचता येतात. इंट('४५') चं उत्तर पंचेचाळीसच येतं, त्यामुळे मराठीत भरलेल्या तक्त्यांना वेगळी मेहनत लागत नाही.

सॉर्ट मध्येच एररने थांबलं तर लिस्ट आधीच्या क्रमात परत जात नाही. काही घटक हललेले, काही जागेवर, अशा अर्धवट अवस्थेत ती राहू शकते. ट्राय आणि एक्सेप्टने एरर झेलून त्याच लिस्टवर पुढे काम करणार असाल तर हे लक्षात घ्या. मूळ क्रमाची किंमत असेल तिथे सॉर्टेड वापरलं की ही भीती राहत नाही.

आणखी एक जागा अशी आहे जिथे अनुभवी माणसंही थबकतात:

अक्षरे = ['क', 'म', 'क', 'ळ', 'क', 'म']
अक्षरे.सॉर्ट(की=अक्षरे.काउंट)

जे अक्षर कमी वेळा आलं ते आधी, असा हेतू आहे. चालवून बघा, लिस्ट जराही बदलत नाही. कारण आपण सर्वसाधारणपणे वापरतो त्या सीपायथनमध्ये सॉर्ट चालू असताना ती लिस्ट बाहेरून बघणाऱ्याला रिकामी दिसते. मध्येच कुणी तिच्यात बदल करून आतला हिशेब बिघडवू नये म्हणून ही खबरदारी आहे. रिकाम्या लिस्टमध्ये कुठलंही अक्षर शून्य वेळाच सापडतं. सगळ्या की शून्य, सगळे घटक सारखे, आणि स्थिरतेमुळे क्रम होता तोच. सॉर्टेड(अक्षरे, की=अक्षरे.काउंट) लिहिलं तर मूळ लिस्ट जागेवर भरलेली असते आणि 'ळ', 'म', 'म', 'क', 'क', 'क' असं बरोबर उत्तर मिळतं. सॉर्ट चालू असताना लिस्टमध्ये बदल करायचा प्रयत्न पकडला गेला तर व्हॅल्यूएरर येतो.

टपल (गोल कंसात लिहिलेली यादी, वरच्या नद्यांच्या जोड्यांसारखी) आणि स्ट्रिंग बदलता येत नाहीत, म्हणून त्यांना सॉर्ट मेथडच नाही. डिक्शनरीलाही नाही. सॉर्टेड या सगळ्यांवर चालतं, पण परत नेहमी लिस्टच देतं. सॉर्टेड('कमळ') ची अक्षरांची लिस्ट मिळेल, शब्द नाही. डिक्शनरी दिली तर फक्त तिच्या की (किमती ज्या नावांखाली ठेवलेल्या असतात ती नावं) मिळतात. किमतीही हव्या असतील तर आयटम्स मेथडचं उत्तर सॉर्टेडला द्या.

मराठी शब्द लावताना

हा भाग इंग्रजीतल्या धड्यांत सापडत नाही आणि आपल्याला तर रोज लागतो. मुंबईच्या मध्य रेल्वेवरची चार स्टेशनं घ्या:

स्टेशने = ['कळवा', 'कसारा', 'कल्याण', 'कर्जत']
स्टेशने.सॉर्ट()

उत्तर येतं कर्जत, कल्याण, कळवा, कसारा. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो, म्हणून मराठी कोशाच्या क्रमाने कळवा शेवटी जायला हवं. पायथनला वर्णमाला ठाऊक नाही. ते युनिकोडमधला प्रत्येक अक्षराचा क्रमांक बघतं, आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसवलेला आहे. छोट्या यादीसाठी एक युक्ती चालते. युनिकोडमध्ये ह च्या पुढे आणि काना-मात्रांच्या आधी अवग्रहाचं चिन्ह येतं. तुलनेपुरता ळ च्या जागी अवग्रह ठेवला की काम होतं:

स्टेशने.सॉर्ट(की=लॅम्डा श: श.रिप्लेस('ळ', 'ऽ'))

आता कर्जत, कल्याण, कसारा, कळवा. स्टेशनांची नावं अर्थातच शाबूत राहतात, कारण की फक्त तुलनेसाठी असते.

क्ष आणि ज्ञ यांचंही असंच आहे. क्ष हे युनिकोडमध्ये क, हलन्त आणि ष असे तीन तुकडे आहेत, म्हणून क्षितिज हा शब्द क च्या शब्दांमध्ये जाऊन बसतो. ॲ तर त्याहून लांब फेकला गेला आहे. हे अक्षर युनिकोडमध्ये बरंच उशिरा आलं आणि त्याला ह च्याही पुढचा क्रमांक मिळाला. ['हळद', 'ॲप', 'आंबा'] सॉर्ट केलं तर आंबा, हळद, ॲप असं येतं. भरीस भर म्हणजे काही कीबोर्ड हेच अक्षर अ आणि त्यावर अर्धचंद्र अशा दोन तुकड्यांत लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसऱ्या प्रकारचा ॲप आंब्याच्या आधी जातो. दोन वेगवेगळ्या माणसांनी भरलेली यादी एकत्र करताना हे नक्की तपासा. ग्रंथालयाची सूची किंवा शब्दकोश असं गंभीर काम असेल तर युक्त्या करत बसू नका. आयसीयू ही लायब्ररी पायआयसीयू नावाने पायथनमध्ये मिळते आणि तिच्यात भाषावार क्रम लावण्याची सोय आहे. तिच्या कोलेटरकडून, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या भागाकडून, मिळणारी सॉर्ट की 'की' म्हणून द्या.

वेगाबद्दल थोडंसं

पायथनची सॉर्ट करण्याची पद्धत टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये लिहिली. टिमसॉर्ट याच नावाने ती ओळखली जाते आणि पायथन २.३ पासून वापरात आहे. पुढे जावानेही वस्तूंच्या ॲरेसाठी ती उचलली. खऱ्या जगातली माहिती क्वचितच पूर्ण विस्कटलेली असते, तिच्यात आधीपासून क्रमाने असलेले लांब तुकडे असतात, हे या पद्धतीने हेरलं. ती असे तुकडे शोधते आणि एकमेकांत मिसळत जाते. आधीच क्रमाने असलेली लिस्ट सॉर्ट केली तर एका फेरीत काम संपतं. म्हणून लावलेल्या मोठ्या लिस्टच्या शेवटी दहा-बारा नव्या नोंदी जोडून पुन्हा सॉर्ट करायला घाबरू नका. पायथन ३.११ पासून हे तुकडे कोणत्या क्रमाने मिसळायचे याचा नियम सुधारला आहे, पण तुमच्या कोडमध्ये त्यासाठी काहीच बदलावं लागत नाही.

जागच्या जागी म्हणजे जास्तीची मेमरी अजिबात लागत नाही असं मात्र नाही. तुकडे मिसळताना तात्पुरती जागा लागते, फार तर लिस्टच्या निम्म्या पत्त्यांएवढी. आणि की दिली असेल तर सगळ्या कीही तेवढ्या वेळेपुरत्या साठवल्या जातात. काही हजार नोंदींच्या कामात सॉर्ट आणि सॉर्टेड यांच्या वेगातला फरक तुम्हाला जाणवणारही नाही. तिथे मूळ लिस्ट बदललेली चालेल का, एवढ्यावरूनच निवड करा.

पुढे नमपाय (आकड्यांच्या कामाची लायब्ररी) आणि पांडाज (तक्त्यांच्या कामाची लायब्ररी) शिकाल तेव्हा हीच जोडी वेगळ्या वेषात भेटेल. नमपायच्या ॲरेची सॉर्ट मेथड लिस्टसारखीच वागते: जागच्या जागी बदल आणि उत्तर नन. नमपायचं स्वतंत्र सॉर्ट फंक्शन मात्र नवी प्रत देतं, नावात 'टेड' नसलं तरी. पांडाजमध्ये सॉर्ट_व्हॅल्यूज मुळातच नवा तक्ता परत करते आणि जुना तसाच ठेवते. म्हणून लिस्टची सवय झालेला माणूस तिथे नेमकी उलटी चूक करतो: डावीकडे नाव न देता तक्ता.सॉर्ट_व्हॅल्यूज('गुण') एवढंच लिहितो आणि तक्ता का लागला नाही म्हणून शोधत बसतो. तिथे तक्ता = तक्ता.सॉर्ट_व्हॅल्यूज('गुण') असंच लिहायचं.